एसओपी आणि पर्सनल स्टेटमेंट: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांचे नेहमीचे प्रश्न

दरवर्षी गणपती झाले की माझ्याकडे मास्टर्स, पीएचडीच्या अर्जांसोबत द्यायच्या या कागदांचे ड्राफ्ट यायला लागतात, ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबत नाहीत. कोण व्हॉट्सॲपवर पाठवतंय, कोण प्रिंट घेऊन घरी येतंय. प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सगळे एकत्र लिहून काढलेत. उत्तरं जशी फोनवर देते तशीच आहेत.

१. ताई, एसओपी, पर्सनल स्टेटमेंट आणि मोटिव्हेशन लेटर हे सगळं एकच काय?

नाव वेगळं आणि थोडं कामही वेगळं. एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, त्यात अभ्यासाचं बोलायचं, म्हणजे काय शिकलात, कुठल्या प्रश्नावर काम केलंत, पुढे काय करायचंय आणि ते याच डिपार्टमेंटमध्ये का. पर्सनल स्टेटमेंट म्हणजे तुम्ही कुठून आलात, वाटेत काय आडवं आलं आणि त्यातून तुमचा अभ्यास कसा घडला. अमेरिकेत बर्कलेसारखी युनिव्हर्सिटी हे दोन्ही वेगवेगळे मागते, तिथे एकच मजकूर दोनदा चिकटवला तर एक कागद फुकट गेला. जर्मनीकडे मोटिव्हेशन लेटर म्हणतात, ते आटोपशीर लागतं आणि त्यांच्या कोर्समधले विषय तुमच्या डिग्रीच्या विषयांशी कसे जुळतात ते त्यात दिसायला हवं. इंग्लंडात मास्टर्सलासुद्धा पर्सनल स्टेटमेंटच म्हणतात पण आत बहुतेक एसओपीचाच मजकूर लागतो. म्हणून नावावर जाऊ नका, फॉर्मवर जो प्रश्न छापलाय तो शब्दन्‌शब्द वाचा.

एक गोंधळ दरवर्षी होतो. नेटवर शोधलं की चार हजार अक्षरांची मर्यादा असलेले नमुने सापडतात. ते यूकॅसचे (इंग्लंडातल्या डिग्रीच्या प्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था), म्हणजे पीयूसीनंतर (आपली अकरावी-बारावी) तिकडे डिग्रीला जाणाऱ्यांचे, आणि २०२६ च्या प्रवेशापासून तर तिथेही एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आलेत. मास्टर्सवाल्यांनी तो नमुना बाजूला ठेवा.

२. किती लांब लिहायचं?

सांगितलंय तेवढं. काहीच सांगितलं नसेल तर दोन पानांच्या आत, आठशे ते हजार शब्द. ऑनलाइन बॉक्स असेल तर मर्यादेनंतरचं कापलं जातं आणि वाक्य मधेच तुटतं, तेव्हा पेस्ट केल्यावर शेवटची ओळ बघाच. फॉन्ट बारीक करून जास्तीचं कोंबू नका, दिवसभर वाचून डोळे शिणलेला माणूस ते वाचणार आहे.

३. कधी सुरू करू? डेडलाइन १५ डिसेंबर आहे.

सप्टेंबरात. लिहायला एवढे दिवस लागत नाहीत, पण लिहिलेलं आठवडाभर बाजूला ठेवून परत वाचायला लागतात. आपणच लिहिलेलं आठ दिवसांनी वाचलं की कुठे पोकळ आहे ते आपोआप दिसतं, दुसऱ्या दिवशी वाचून नाही दिसत. आणि जर्मनीला जाणार असाल तर नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना एपीएस सर्टिफिकेट (इथले शिक्षणाचे कागद तपासल्याचा दाखला) लागतं, त्याची धावपळ आणि लिखाण एकाच महिन्यात आलं की लिखाणाचं मातेरं होतं. ते कागद आधी मार्गी लावा.

४. सुरुवात कशी करू? पहिलं वाक्यच सुचत नाही.

मग दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू करा की. पहिला परिच्छेद शेवटी लिहायचा असतो. “लहानपणापासूनच मला कॉम्प्युटरची आवड होती” हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता डोळा आपोआप त्याच्या पुढे जातो, आणि ॲडमिशन कमिटीचंही तेच होत असणार. थोर माणसाचं वाक्यही नको. तुम्ही प्रत्यक्ष केलेल्या कुठल्या तरी कामाच्या मधोमध सुरू करा, जिथे काहीतरी अडलं आणि ते का अडलं याचं तुम्हाला कुतूहल वाटलं. ते कुठून आणायचं याचं उत्तर पुढच्या प्रश्नात.

५. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. गाव, शेती, कॉलेज, एवढंच. काय लिहू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण विचारणाऱ्याकडे भरपूर असतं, फक्त ते लिहिण्याजोगं आहे असं त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं.

एका मुलाचं सांगते. मेकॅनिकलचा, वडील बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे लोखंड ओतायचे वाळूचे साचे करणारे. त्याच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये “मटेरियल सायन्सबद्दल मला प्रचंड पॅशन आहे” असं तीनदा होतं आणि वडिलांचा पत्ता नाही. मी विचारलं, बाबा घरी आल्यावर कामाचं काय बोलतात रे? म्हणाला, आज इतके पीस रिजेक्ट गेले म्हणतात. का जातात? ब्लोहोल येतात. ते का येतात? वाळूत पाणी जास्त झालं की वितळलेलं लोखंड पडल्यावर वाफ होते आणि ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये पोकळी राहते. हे सगळं तो एका दमात बोलला आणि त्याला वाटत होतं की ही घरातली बोलणी, फॉर्मवर कशाला लिहायची. पुढे विचारलं तेव्हा कळलं की सातव्या सेमिस्टरचा प्रोजेक्टच त्याने त्या वाळूवर केलेला. मग त्याने जो परिच्छेद लिहिला तो मराठीत साधारण असा:

“पावसाळ्यात वडिलांच्या शॉपमध्ये रिजेक्शन वाढतं. वाळू मुठीत दाबून ती किती ओली आहे ते वडील सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. मी तीन आठवडे रोज सकाळी त्याच वाळूचं मॉइश्चर मोजलं आणि त्या दिवशीच्या ब्लोहोलवाल्या पीसांशी ताडून बघितलं. काही दिवस मेळ बसला, काही दिवस बसला नाही. न बसलेल्या दिवशी वाळूतून हवा जाण्याचं प्रमाण बदललं असावं असा माझा अंदाज आहे, पण ते मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं.”

बघा, यात पॅशन हा शब्द नाही. पण माणूस दिसतो, काम दिसतं, आणि मुख्य म्हणजे त्याचं उत्तर कुठे अपुरं राहिलं ते त्याने लपवलं नाही. मास्टर्सला कशासाठी जायचंय ते त्या शेवटच्या ओळीत आपसूक आलं.

सगळ्यांच्या घरी फाउंड्री नसते. निपाणीच्या एका मुलीची आई विड्या वळते, तिने पब्लिक हेल्थला अर्ज करताना तंबाखूची धूळ आणि आईचा खोकला यांच्याबद्दल लिहिलं. कणकुंबीकडच्या एकाने मलप्रभेच्या उगमाजवळचं पाणी उन्हाळ्यात कुठवर टिकतं हे लिहिलं. २०१९ च्या पुरात दूधगंगेचं पाणी ज्यांच्या दारात आलं त्यांना हायड्रॉलिक्सचं पुस्तक वेगळं वाचता येतं. पण जे पाहिलं ते तुमच्या विषयाशी जोडलं गेलं पाहिजे. नुसतं गावाचं वर्णन, हिरवी शेतं, आजीच्या गोष्टी, हे कितीही मनापासून लिहिलं तरी एसओपीत बसत नाही.

६. दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्रजी कच्चं आहे. आधी मराठीत लिहून मग ट्रान्सलेट करू का?

विचार मराठीत करा, मुद्दे मराठीत लिहून काढा, घरच्या कुणाला तरी बोलून दाखवा. पण तयार मराठी निबंध ओळीला ओळ लावून इंग्रजीत नेऊ नका. आपल्याकडे शाळेत निबंधाचं जे मराठी शिकवतात ना, “बहुमोल मार्गदर्शन लाभले”, “उत्तुंग यश संपादन केले”, ते इंग्रजीत गेलं की फार जड आणि खोटं वाटायला लागतं. “सरांनी मला बहुमोल मार्गदर्शन केलं” याच्या जागी सरांनी नेमकं काय दाखवलं ते लिहा. छोटी वाक्यं, साधी क्रियापदं. व्याकरणाच्या दोन चुका राहिल्या म्हणून कुणी बाद करत नाही, इंग्रजी किती येतं ते आयईएल्ट्स किंवा टोफेल सांगतंच.

मराठी मीडियमचा उल्लेख करायचा का? एसएसएलसीपर्यंत (दहावीपर्यंत) मराठी, पीयूसीला सगळं एकदम इंग्रजी, पहिले सहा महिने वर्गात काय चाललंय ते कळलं नाही आणि मग तुम्ही काही उपाय केला, असं असेल तर दोन वाक्यांत जरूर लिहा. घरी मराठी, ऑफिसात कन्नड, वर्गात इंग्रजी हे इथल्या पोराला रोजचं वाटतं, पण बाहेरच्या वाचणाऱ्याला त्यातून तुमची तयारी कळते.

७. सीमाभागाचं लिहायचं का? आमच्या घरात तर तो रोजचा विषय आहे.

मी याच घरांतली आहे, १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिवशी, आमच्याकडे काय वातावरण असतं ते मला कुणी सांगायला नको. तरी सांगते, कॉम्प्युटर किंवा सिव्हिलच्या एसओपीत तो विषय आणू नका. १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा महाजन आयोग, २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेली केस, एवढं त्या वाचणाऱ्याला समजावायचं तर निम्मं पान तिथेच संपलं, आणि तुमच्याबद्दल त्याला काहीच कळलं नाही.

अपवाद मात्र खरा आहे. भाषाशास्त्र, राज्यशास्त्र, शिक्षण, इतिहास, समाजशास्त्र यातलं काही करणार असाल तर हीच तुमची सगळ्यात मोठी शिदोरी. गम्परझ आणि विल्सन या अभ्यासकांनी सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या मराठी, कन्नड आणि उर्दूवर १९७१ साली जे लिहिलं ते जगभर भाषाशास्त्राच्या वर्गात शिकवतात, आणि तसलीच भाषा आपण बेळगावच्या भाजी मार्केटात रोज ऐकतो. एका मुलीने “येतो म्हणून सांगितलाय” यातलं “म्हणून” आणि कन्नडमधलं “अंत” एकसारखं काम करतात यावर सुरुवात केली होती. आजीचं आणि शेजारच्या अज्जींचं बोलणं तिने वहीत उतरवून ठेवलेलं. तिथे बाजू मांडायची गरजच पडली नाही, निरीक्षण पुरलं. अन्याय, अस्मिता असले शब्द वाचणाऱ्याला भाषण वाटतात, ती वही मात्र त्याला अभ्यास वाटते.

८. बेळगाव लिहू की बेळगावी? मार्कशीटवर वेगळं, पासपोर्टवर वेगळं आहे.

इंग्रजीत सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललंय, त्यामुळे जुन्या कागदांवर जुनं आणि नव्यांवर नवं असणारच. फॉर्मच्या रकान्यात पासपोर्टप्रमाणे, कॉलेजचं नाव मार्कशीटप्रमाणे, आणि एसओपीत यातलं कुठलंही एक, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच ठेवा.

९. दोन विषयात बॅक होता आणि एकदा इयर बॅक पण लागला. लपवू का?

लपणार कसं? ट्रान्सक्रिप्टवर छापलेलं आहे. दोन-तीन वाक्यांत सांगून मोकळे व्हा: काय झालं, तुम्ही काय केलं, नंतरचे मार्क काय सांगतात. कारण खरं सांगा. आजारपण, घरात कुणी गेलं, हॉस्टेलवर वाहवत गेलो, जे असेल ते.

मला स्वतःला दुसऱ्या सेमिस्टरला गणितात बॅक होता. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये अर्धं पान शिकवणाऱ्यांवर होतं, ते पोर्शन पूर्ण करत नव्हते, शंका विचारू देत नव्हते. ते खोटं नव्हतं. पण ज्या मॅडमनी वाचून दिलं त्या एवढंच म्हणाल्या, “यात तू कुठं आहेस?” मग ते सगळं काढून मी लिहिलं की सुट्टीत पुस्तक पहिल्या धड्यापासून स्वतः सोडवलं आणि पुढच्या गणिताच्या पेपरला चांगले मार्क पडले. तेव्हापासून दुसऱ्यांचे ड्राफ्ट वाचताना मी तोच प्रश्न विचारते.

एकाच विषयात बॅक असेल आणि तो तुमच्या शाखेशी संबंधित नसेल तर उल्लेखही नको.

१०. डिग्रीनंतर दोन वर्षं गॅप आहे, सरकारी परीक्षांची तयारी केली आणि झालं नाही.

तसंच लिहा. तयारी केली, निवड झाली नाही, त्या काळात अमुक शिकलो किंवा घरचं दुकान सांभाळलं. गॅपची शरम फक्त आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीत असते. तारखा मात्र सीव्हीशी जुळल्या पाहिजेत.

११. घरची गरिबी लिहिली तर फायदा होतो का?

एसओपीत नाही. पर्सनल स्टेटमेंट वेगळं मागितलं असेल (प्रश्न १) तर तिथे तिला जागा आहे, स्कॉलरशिपच्या अर्जात तर असायलाच हवी. पण दया येईल असं लिहू नका. “आम्ही फार हलाखीत दिवस काढले” यापेक्षा “कॉलेजच्या चारही वर्षांत पहाटे पेपर टाकून आठला खानापूरहून ट्रेन पकडायचो” हे सरळ सांगा, पुढचं वाचणाऱ्याला कळतं. आणि आईवडिलांना विचारून लिहा. ती त्यांचीही गोष्ट आहे.

१२. दहा ठिकाणी अर्ज करतोय, एकच एसओपी सगळीकडे चालेल ना?

तीन चतुर्थांश तोच चालेल. “हेच डिपार्टमेंट का” हा परिच्छेद मात्र दर ठिकाणी नव्याने. त्यात “जागतिक दर्जाची फॅकल्टी आणि अत्याधुनिक लॅब” असं लिहिलं तर नाव बदलून ते कुठेही लागू पडतं, म्हणजे ते लिहिलं काय आणि नाही काय. एखाद्या प्रोफेसरचा अलीकडचा पेपर खरंच वाचा, निदान इंट्रोडक्शन आणि शेवट, आणि तुमच्या अडलेल्या प्रश्नाशी तो कुठे भिडतो ते दोन वाक्यांत लिहा. पीएचडीला हे सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या कोर्सवर्कच्या मास्टर्सला विषयांची नावं पुरतात. ते प्रोफेसर रिटायर झालेत किंवा दुसरीकडे गेलेत का तेवढं बघून घ्या.

१३. मेकॅनिकलमधून डेटा सायन्सला जायचंय. “आवड बदलली” म्हणून चालेल?

आवड कुठल्या कामातून बदलली ते सांगा. प्रश्न ५ मधल्या त्या मुलाने उद्या सेन्सरच्या आकड्यांवरून रिजेक्शनचा अंदाज काढायचा म्हटलं तर त्याला कुणी अडवणार नाही. आणि नवीन शाखेचे कुठले विषय आधीच शिकलात ते नावानिशी लिहा.

१४. सीनियरचा एसओपी आहे, त्याचं ॲडमिशन झालंय. किंवा चॅटजीपीटीकडून करून घेऊ का? एजंट पण लिहून देतो म्हणतोय.

सीनियरचा वाचा, एकदा वाचून मिटवून ठेवा. त्याची वाक्यं उचलू नका, बरीच ठिकाणं मजकूर जुळतो का ते सॉफ्टवेअरमधून तपासतात, आणि तुमच्याच बॅचमधल्या चौघांनी तोच उचललेला असतो. एजंटचंही तेच, त्याच्याकडे एक साचा असतो आणि त्यात नावं बदलतात. माझ्याकडे एकदा दोन वेगवेगळ्या गावांतली पोरं आली आणि दोघांच्याही कागदात आजोबांनी दिलेला रेडिओ खोलून बघितल्याची तीच गोष्ट होती. दोघांनी पैसे भरले होते.

एआयचं म्हणाल तर आधी त्या युनिव्हर्सिटीचा नियम वाचा, काहींनी स्पष्ट मनाई केली आहे. जिथे चालतं तिथे स्पेलिंग, व्याकरण बघायला वापरा. अख्खा मजकूर करून घेतला तर वाक्यं गुळगुळीत येतात आणि मुठीत वाळू दाबणारे वडील त्यात येत नाहीत, कारण ते फक्त तुम्हाला माहीत आहेत.

१५. सर म्हणाले रेकमेंडेशन लेटर तूच लिहून आण, मी सही करतो. काय करू?

आपल्याकडे हे सर्रास चालतं म्हणून विचारायची लाज वाटू देऊ नका, पण लिहून नेऊ नका. त्याऐवजी एक पान मुद्द्यांचं न्या: त्यांच्याकडे कुठला विषय शिकलात, प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा काय, कुठे चुकलात आणि कसं दुरुस्त केलंत, डेडलाइन कधी. सोबत एसओपीची प्रत. असं पान हातात असलं की बहुतेक सर स्वतः लिहितात, त्यांना फक्त आठवत नसतं. एसओपी आणि लेटर एकाच हातचं असलं की वाचणाऱ्याला भाषेवरून ओळखू येतं आणि मग दोन्ही कागदांवरचा विश्वास जातो.

१६. पैसे भरून एका जर्नलमध्ये पेपर छापलाय. लिहू ना?

आठवड्याभरात छापून देणाऱ्या, कुणी न तपासलेल्या जर्नलचं नाव मिरवू नका, त्या क्षेत्रातला माणूस ती नावं ओळखतो. पेपरमागचं काम खरं असेल तर ते प्रोजेक्ट म्हणून नीट सांगा.

१७. मराठी मातृभाषेचा आणि सीमाभागाचा दाखला आहे, त्याचा एसओपीत उल्लेख केला तर वजन पडेल का?

नाही. महाराष्ट्राच्या काही प्रवेशप्रक्रियांत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय असते, तिथे तो दाखला लागतो आणि तो कागदपत्रांतच जोडायचा असतो. परदेशातल्या किंवा दुसऱ्या राज्यातल्या अर्जात त्याचा उपयोग नाही. भाषेबद्दल काय लिहायचं ते ६ आणि ७ मध्ये आहे.

१८. मी भारतातच करणार आहे, मग हे सगळं कशाला?

गेट परीक्षा आणि इंटरव्ह्यूवर जास्त भर असतो हे खरं, पण रिसर्चच्या अर्जांना बऱ्याच ठिकाणी एसओपी लागतो आणि इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तिथूनच येऊ शकतो. म्हणून त्यात असं एकही वाक्य ठेवू नका ज्याच्यावर पाच मिनिटं बोलता येणार नाही. “मशीन लर्निंग वापरलं” लिहिलंत तर कुठलं मॉडेल आणि तेच का, हे फळ्यावर मांडता आलं पाहिजे.

१९. सबमिट केल्यावर बघितलं तर एका ठिकाणी दुसऱ्याच युनिव्हर्सिटीचं नाव राहिलंय! रात्रभर झोप नाही.

आधी पाणी प्या. स्पेलिंगची चूक असती तर सोडून द्या म्हटलं असतं, पण हे दुरुस्त करायचा प्रयत्न करा. ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींचा मेल टाका, चुकीची फाईल गेली, बरोबर पीडीएफ जोडली आहे, शक्य असल्यास बदलून घ्यावी. लांबलचक माफी नको. काही ठिकाणी बदलून घेतात, काही ठिकाणी नाही घेत, आणि नाही घेतलं तरी अर्ज तेवढ्यावरून बाद होईलच असं नाही. उरलेल्या अर्जांच्या फाईलींना आत्ताच युनिव्हर्सिटीची नावं द्या, आणि अपलोड करायच्या आधी बाकी सगळ्या युनिव्हर्सिट्यांची नावं एकेक करून त्या फाईलमध्ये सर्च करा.